अक्रोडाच्या जागी नदी

एक. हो, एकच लिही. पाचापैकी एक. कान शाबूत आहेत माझे, पोरी, नीट ऐकलं मी — इथून दिसणारा देखावा तुम्हाला किती मोलाचा, असं तू विचारलंस आणि मी म्हणालो, एक. खालच्या घरांतून सगळ्यांनी पाच दिले असणार, ठाऊक आहे मला. कोपऱ्यावरच्या बाईनं तर सहा देता येतात का म्हणून विचारलं असेल. विचारलं ना? वाटलंच. — नाही, मला कोणी फितवलेलं नाही. त्या बांधकाम कंपनीचा माणूस आला होता मागे, गोड बोलत होता, त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. मी माझ्या मनानं सांगतोय. खाली नदीकाठी एकोणीस मजले उठू देत. नदी झाकली जाईल, जुना पूल झाकला जाईल, समोरचा डोंगर अर्ध्याहून जास्त झाकला जाईल — मोजलंय मी, हातात काठी धरून, एक डोळा मिटून. झाकू दे. लिही एक.

पण बस आधी. आणि तो तीन पायांचा कॅमेराही खाली घे, अजून खाली, तुझ्या गुडघ्याएवढा — हां. आमच्या मोहल्ल्यात नजर बसून मोजतात. खिडकीशी दिवाणावर बसलेला माणूस, हातात कॉफीची वाटी, त्याला नदी दिसली पाहिजे, असं धरायचं. उभं राहून काय, कोणालाही दिसतं. मी शाळा चार वर्षंच शिकलो, पण या टेकडीवर चाळीस वर्षं कौलं घातली आहेत, तेवढं मला कळतं. कोणाला घर बांधायचं असलं की तो माझ्याकडे यायचा. छपराच्या उंचीचे चार वासे उभे करायचे, टोकाला पांढरी फडकी बांधायची, आणि मग वरच्या प्रत्येक घरात जाऊन, चपला काढून, दिवाणावर त्यांच्या शेजारी बसून विचारायचं — शेजारी, दिसते का नदी? कोणी नाही म्हणालं की खाली येऊन वासे तासायचे. कागद नाही, शिक्का नाही. वरच्याला दिसलेली नदी खालच्यानं झाकायची नाही, भिंतीनं नाही आणि झाडानंही नाही. आमच्या आजोबांच्या आधीपासून असंच. म्हणून तर तुम्हाला इथं यावं लागलं ना, घरोघरचे आकडे घेऊन ती इमारत अडवता येते का बघायला. ते एकोणीस मजलेवाले काही चपला काढून विचारायला येणार नाहीत.

पुढचं काय? 'हा देखावा कधीपासून दिसतो'. हा काय प्रश्न झाला — बरं, बरं, सगळ्यांना विचारता. आबिदनं काय लिहिलं? आबिद म्हणजे हा खालच्या अंगणाचा मालक, पांढऱ्या मिशांचा. 'कायमचा'. असं लिहिलंय त्यानं? कायमचा. चांगला माणूस आहे. माझं लिही — सतरा जानेवारी त्र्याण्णव, सकाळी दहा.

का थांबलीस? लिहिलंस?

खोड ते. तोंडातून गेलं. पेन्सिलनंच लिहिलंस ना, खोड मग. 'कायमचा' लिही, आबिदसारखं — नाही, थांब, हे कागद जातात कुठं? सभेत? पुढच्या शुक्रवारी, नमाजानंतर, सगळ्यांसमोर वाचणार? नावासकट? ... म्हणजे आबिद ऐकणार.

थांब जरा. ऐकलंस? ठक. आबिदच तो. एप्रिल लागला की एका सकाळी कुऱ्हाड घेऊन अंगणात उतरतो. एकोणऐंशी वर्षांचा आहे, छातीत यंत्र बसवलंय, तरी स्वतःच घाव घालतो, कोणाला हात लावू देत नाही. तिथं त्या नंतर बांधलेल्या पडवीआड एक खुंट आहे अक्रोडाचा, तुला इथून दिसणार नाही. दर वसंतात त्याला धुमारे फुटतात, मनगटाएवढे होऊ पाहतात, आणि आबिद ते तोडतो. माझ्यासाठी. माझी नदी झाकली जाऊ नये म्हणून. तोडून झालं की खालून हाक मारतो — हमदिया, दिसते का? मी म्हणतो, दिसते. तीस वर्षं होत आली.

तुझा जन्म नंतरचा ना? चेहऱ्यावरून वाटतंच. मग तुला देखावा म्हणजे नुसता देखावा. आम्हाला लढाईत, शहराला वेढा पडला तेव्हा कळलं — जे आपल्याला दिसतं, त्यालाही आपण दिसतो. साडेतीन वर्षं ते वेढा घालणारे समोरच्या डोंगरावर बसून होते, बंदुकीला दुर्बीण लावून, आणि त्यांनाही बसूनच दिसायचं सगळं, आमच्यासारखंच. पहिल्या उन्हाळ्यात या गल्लीच्या तोंडाशी पाववाल्याचा खालचा जबडा उडाला. मेला नाही लगेच. गुडघ्यांवर बसून दगडांवर हात फिरवत होता, काहीतरी पडलंय आणि सापडत नाही अशासारखा, आणि आम्ही भिंतीआड पालथे पडून बघत होतो. कोणी गेलं नाही. मीही नाही. दुसरी गोळी येईपर्यंत तो शोधत होता. — कॉफी घे ना. साखरेचा खडा आधी जिभेवर ठेव, वाटीत टाकू नकोस. मी हळू सांगतो, मला कुठली घाई नाही.

पाणी फक्त एका ठिकाणी होतं. आबिदच्या अंगणाला लागून, गल्लीच्या वळणावर, दगडी तोटी — बघितलीस येताना? तीच. डोंगरावरून थेट नेम लागेल अशी जागा, पण मध्ये अक्रोड होता. मिठीत मावणार नाही एवढा जाड, फांद्या पार गल्लीवर आलेल्या. आबिदच्या घराहून जुना, म्हणून त्याला कोणी उंचीचं विचारत नसे, तो आधीचा. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या फांद्यांना सतरंज्या टांगल्या, गोधड्या, नमाजाच्या जुन्या चटया, आणि चामिलनं — चामिल पत्र्याचं काम करायचा — त्यानं वर दोन पत्रे ठोकून दिले. डोंगरावरच्यांना नुसता पडदा दिसायचा. ते अधूनमधून त्यात गोळ्या घालत, चिडून, आंधळेपणानं. पडद्याआड बायका पाणी भरायच्या, आणि खरं सांगतो, हसायच्यासुद्धा. आबिदची बायको रेमझिया मोठ्यानं हसायची. म्हणायची, माझ्या गालिच्याला त्यांनी आज अजून एक डोळा पाडला.

मग जानेवारीत कोणीतरी तो अक्रोड तोडला. लाकडासाठी. उणे सोळा होतं, पोरी. लोकांनी बूट जाळले, दारं जाळली, माझ्या शेजाऱ्यानं बायकोच्या माहेरचा पाळणा जाळला आणि मग तिच्याशी आठ दिवस बोलला नाही, जसं काही तिनंच जाळला. बागेतले बाक गेले, कबरस्तानातली झाडं गेली. लाकडावरून माणसं एकमेकांची डोकी फोडत होती. त्यात हा एक अक्रोड. रात्रभर दाट धुकं होतं, हात पुढे केला तर बोटं दिसेनात, डोंगरावरून गोळीबार बंद — त्यांनाही दिसत नव्हतं. तेवढ्यात कोणी तोडला. आबिद आघाडीवर, खंदकात होता, रेमझिया रात्री बहिणीकडच्या तळघरात झोपायची. चामिलच्या अंगणात फांद्या सापडल्या, म्हणून चामिलचं नाव झालं. अजूनही तेच म्हणतात सगळे, विचार कोणालाही. मोठं काम होतं ते, एकट्या माणसाचं नव्हे, करवत मध्येच अडकली, झाडानं पातं असं धरून ठेवलं की ओढता येईना, मग कुऱ्हाडीनं खालून वाट करावी लागली, आणि सतरंज्या आधी उतरवून घड्या करून —

असं बघू नकोस.

हो. घड्या करून भिंतीशी ठेवल्या. बर्फात भिजू नयेत म्हणून खाली पत्रा घातला.

नेझिराला न्यूमोनिया झाला होता. माझी बायको. अंगाखाली दोन गाद्या, वर घरातलं असेल नसेल ते कापड, तरी दात वाजायचे, आणि मग वाजायचे थांबले, ते जास्त वाईट. डॉक्टर म्हणाला, औषध नाही, ऊब द्या. कुठून देऊ? मी आढं बघत होतो, कुठला वासा काढला तर छप्पर राहील. छपरं घालून पोट भरणारा माणूस. आणि मग खाली तो अक्रोड. मी आबिदला विचारलं असतं ना, तर त्यानं दिला नसता असं नाही, एखादी फांदी दिली असती, पण तो चार दिवस येणार नव्हता आणि तिला चार दिवस नव्हते. मध्यरात्रीपासून तोडत होतो. हाताची कातडी दांड्याला चिकटून निघाली. झाड पडलं तेव्हा आवाज झाला नाही फारसा, बर्फावर पडलं, उसासा टाकल्यासारखं. तेवढ्यात धुक्यातून चामिल आला, बादल्या घेऊन. मला बघून उभा राहिला. त्याची म्हातारी आई घरात, तीही गारठलेली. मी म्हणालो, फांद्या ने आणि तोंड बंद ठेव. त्यानं नेल्या.

ओंडके मी वर आणले, इथं, याच ओट्यावरून आत, फरफटत. म्हटलं आधी चूल पेटवतो, मग खाली जाऊन दोन खांबांना दोरी बांधतो आणि सतरंज्या परत टांगतो. धुकं होतं अजून. विसरलो नव्हतो, पोरी, हे लिही कुठंतरी, विसरलो नव्हतो. पेटवलं. ओला अक्रोड, धूर फार, पण पेटला. नेझिराचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसलो, तिची बोटं गुलाबी व्हायला लागली. आणि ऊब — तीन आठवड्यांनी ऊब. डोळा लागला माझा.

गोळीनं जाग आली. खिडकीशी गेलो तर ऊन. धुकं गेलेलं, आणि समोर नदी. लखलखीत. या घरातून मी जन्मात नदी पाहिली नव्हती, अक्रोड होता ना. नदी, पूल, तीन मिनार, तू आता कॅमेऱ्यात घेतलंस ते सगळं. आणि खाली रेमझिया. गोळी गळ्यातून गेली होती. दोन्ही डबे हातात तसेच, एकाला भोक, पाणी आणि ते दुसरं एकत्र बर्फावर पसरत चाललेलं, वाफ येत होती त्यातून. ती आली होती पडदा आहे म्हणून. रोजच्या वाटेनं माणूस वर बघत नाही. नेमका आबिद त्या दिवशी सुटी मिळून आला, गल्लीच्या टोकाशी होता, बायकोला हाक मारत. पोटावर सरपटत तिच्याकडे गेला. तिचा घोटा धरून ओढायला लागला की ते गोळी घालायचे — त्याला नाही, तिला. तिला. पुन्हा पुन्हा, मेलेल्या बाईला, त्याला दाखवून. त्याच्या हातात प्रत्येक वेळी झटका बसायचा. तो त्या खुंटाआड पालथा पडून होता, गुडघ्याएवढा खुंट, तेवढाच आडोसा. संध्याकाळपर्यंत. मी खिडकीतून बघत होतो. अठरा गोळ्या.

आणि माझ्या मागं चूल धडधडत होती.

दफनानंतर तो इथं आला, कारण आमच्याकडे ऊब होती. मी सांगितलं, आतल्या खोलीची फरशी काढली, तिच्या फळ्या जाळतोय. बसला चुलीपाशी आणि हात शेकले. स्वतःच्या झाडावर. नेझिरानं त्याला कॉफी म्हणून भाजलेल्या मसुरीचं पाणी दिलं. ती कधी काही बोलली नाही मला. पण त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि अकरा वर्षं खिडकीकडे पाठ करून बसली.

ठक. ठक. अजून चाललंय त्याचं. यंदा जाड झाले असतील धुमारे.

चामिलचं सांगू का? नको वाटतं. — हा तळवा बघ. ही अर्धगोल खूण. दात आहेत ते. तिसऱ्या दिवशी आबिदला कोणी सांगितलं की चामिलच्या अंगणात अक्रोडाच्या फांद्या आहेत. आबिदनं कुऱ्हाड उचलली. मी मागं धावलो, म्हटलं आवरतो. खरंच आवरायलाच. गल्लीत त्यानं चामिलला गाठलं, कुऱ्हाड उलटी धरली, बोथट बाजूनं, आणि पहिला घाव खांद्यावर. मी मध्ये पडलो आणि धरलं — चामिलला. मागून, दोन्ही दंड. का? तो पळू नये म्हणून का? तेव्हा मला एवढंच कळत होतं की आबिदनं कोणालातरी मारायला हवं, आणि तो मी नसावा. गुडघ्यावर दुसरा. हाड मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा नसतो, कोरड्या लाकडासारखा असतो. तोवर चामिल गप्प होता. तीन दिवस गप्प, दोन घाव गप्प. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हमदिया, सांग ना त्याला." एवढंच. रागानं नाही. मी त्याचं तोंड दाबलं. या हातानं. त्यानं चावा घेतला, मी सोडलं नाही, आबिदनं दुसरा गुडघाही फोडला आणि मी धरून ठेवलं होतं. नंतर त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. लढाई संपल्यावरही नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. तीस वर्षं खुरडत माझ्या दारावरून गेला आणि सलाम करायचा.

दोन वर्षांपूर्वी गेला. आमच्यात मातीआधी इमाम विचारतो, तीनदा — या माणसानं तुमचं काही वाईट केलं असेल तर माफ करता का? आणि सगळे म्हणतात, हलाल असो, म्हणजे माफ केलं. आबिद पहिल्यांदा गप्प. दुसऱ्यांदा गप्प. सगळा मोहल्ला जमिनीकडे बघत होता. तिसऱ्यांदा म्हणाला, "हलाल असो." सगळ्यांहून मोठ्यानं. माफ केलं त्यानं चामिलला, माझ्या झाडासाठी — म्हणजे त्याच्या झाडासाठी. आणि मीही म्हणालो. माझ्याही तोंडून निघालं, हलाल असो.

आता कळलं तुला, एक का? युद्ध संपल्यावर खुंटाला धुमारे फुटले तेव्हा मला वाटलं, देवानंच दया केली, वाढू दे, दहा-पंधरा वर्षांत झाकेल. पण आबिद वर आला, चपला काढल्या, या दिवाणावर माझ्या शेजारी बसला, बसून बघितलं आणि म्हणाला, तुला आता नदी दिसते हमदिया, दिसलेली नदी झाकणारा मी कोण? रीत ती रीत. आणि गेला आणि तोडून टाकले. दर वर्षी. त्याला कसं सांगू, नको मला नदी? का नको, म्हणेल. म्हणून म्हटलं, एकोणीस मजले होऊ देत. माझी नदी गेली की त्याला तोडायचं कारण राहणार नाही. अक्रोड वाढेल. मरायच्या आधी हातभर तरी वाढलेला बघेन. एवढाच डाव होता माझा. म्हाताऱ्याचा डाव. त्यासाठी सगळ्या मोहल्ल्याची नदी घालवायला निघालो होतो, आणि ते लोक मला ओट्यावर येऊन सांगतात, हमदिया, तुझ्याच आकड्यावर मदार आहे.

थांबला. ऐकतेस? कुऱ्हाड थांबली. आता हाक येईल.

... दिसते का म्हणतोय.

पोरी, तो रबर ठेव खाली. पाच लिही. पाचच, त्यांची नदी त्यांना राहू दे. आणि ती तारीख खोडू नकोस. सतरा जानेवारी त्र्याण्णव, सकाळी दहा, आता पेनानं लिही त्यावरून. शुक्रवारी वाचाल तेव्हा वाचा, पण आबिदला ते कागदावरून कळता कामा नये.

माझी काठी दे. कॅमेरा आवर आणि वरच्या गल्लीनं जा, खालून जाऊ नकोस. — नाही, तू येऊ नकोस माझ्याबरोबर. नको म्हटलं ना.

आबिद! थांब, येतोय मी खाली. — नाही, ठेवू नकोस. कुऱ्हाड राहू दे हातात.

जा, पोरी.